वैशाखातील वैपुल्य आणि आषाढातील कोठी

सिंधुदुर्गातील आचऱ्याच्या शिवारात वैशाख सरत असताना जे वैपुल्य दृष्टीस पडते, ते कोकणी माणसास वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. काजूची बी वेचून घेतल्यावर तांबड्या-पिवळ्या बोंडूंचा खच झाडांखाली तसाच आंबू लागतो. परसातला बरका फणस खाणारी तोंडे घरात उरली नसल्यामुळे रात्री गळून पडतो आणि सकाळी गुरांच्या वाट्यास जातो. रतांबे उतरवण्यास माणूस मिळत नाही म्हणून ते झाडावरच काळवंडतात. आणि पेटीत न बसणारा, डागी किंवा वाऱ्याने पडलेला हापूस कॅनिंगच्या गाडीवाल्यास, तो देईल त्या भावाने, तोलून द्यावा लागतो. यानंतर अवघ्या दीड महिन्याने त्याच गावावर आषाढ उतरतो. यांत्रिक नौकांची मासेमारी जून आणि जुलै हे दोन महिने सरकारी हुकुमानेच बंद असते. मजुरी मिळाली तर लावणीपुरती मिळते. घाटावरून येणारी भाजी महाग होते. आणि ज्यांची मुले मुंबईस आहेत, ज्यांच्या गुडघ्यांत तिठ्यापर्यंत चालत जाण्याचे बळ नाही, अशी एकटी वृद्ध माणसे पेज आणि मिठातली कैरी यांवर दिवस काढतात. एकाच गावात, एकाच पंचांगाच्या दोन जवळच्या पानांवर, नासाडी आणि न्यूनता अशा शेजारीशेजारी नांदाव्यात, ही गोष्ट मला फार वर्षे अस्वस्थ करीत आली आहे. आणि शेत व गरजूची चूल यांचा सांधा जोडण्याचे जे प्रयोग जगात झाले, त्यांचे जे संशोधन झाले, त्याकडे मी वळलो तो या अस्वस्थतेमुळेच.

ज्याला आज जगभर फूड बँक म्हणतात, त्या अन्नपेढीचा जन्म अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फिनिक्स नगरीत १९६७ साली झाला. जॉन व्हॅन हेंगल नावाचे एक गृहस्थ, धंद्यातून निवृत्त झालेले, तेथील एका धर्मादाय भोजनगृहात सेवा करीत असत. आणि भोजनगृहास लागणारी फळे मिळवण्यासाठी ते आसपासच्या लिंबूवर्गीय बागांतून, मालकांच्या परवानगीने, न तोडलेली फळे वेचून आणीत. पुढे एका दरिद्री मातेकडून त्यांस असे समजले की किराणा दुकानांमागे टाकून दिलेल्या अन्नातून ती मुलांचे पोट भरते, आणि पैसे ठेवण्याची जशी पेढी असते तशी अन्न ठेवण्याची व काढण्याची एखादी जागा असावी, ही कल्पना तिच्याच बोलण्यातून निघाली. सेंट मेरीज फूड बँक ती हीच. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की या संस्थेचा आरंभ झाडाखालच्या फळापासून झाला होता; परंतु पेढ्या वाढल्या, १९७९ साली त्यांची राष्ट्रव्यापी संघटना झाली, आणि मोठमोठ्या कारखान्यांचा उरलेला, चेपलेल्या डब्यांचा, मुदत संपत आलेला माल त्यांच्या गुदामांत येऊ लागला, तेव्हा शेताशी असलेला तो पहिला संबंध हळूहळू क्षीण झाला. जे कोणास नको ते भुकेलेल्यास, असा या व्यवहाराचा रोख होत गेला. १९८१ साली अमेरिकन सरकारने दूधउत्पादकांकडून घेऊन साठवलेले चीज गोरगरिबांत वाटण्यास काढले, त्याचेही मूळ कारण गुदामे भरून वाहत होती हेच होते.

ही वरकडीच्या दानाची रीत आपल्या ओळखीची आहे. १९५४ साली अमेरिकेने पी. एल. ४८० हा कायदा केला, त्याअन्वये तेथील शेतांतले अतिरिक्त धान्य आपल्या बंदरांत उतरू लागले, आणि ज्या पिढीने रेशनच्या दुकानातून लाल मिलोची भाकरी खाल्ली, तिला हे सांगावे लागणार नाही की देणाऱ्याच्या कोठारात काय अधिक झाले आहे यावर घेणाऱ्याच्या ताटात काय पडावे हे ठरू लागले, म्हणजे अन्न पोटात जाते पण अंगी लागत नाही. जॅनेट पॉपेनडिक या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९९८ साली आपल्या ग्रंथात या पद्धतीची जी कठोर छाननी केली, तिचे सार असे की तात्पुरत्या दानाच्या समाधानात समाज मूळ दारिद्र्याचा प्रश्न विसरतो. मला ही टीका बव्हंशी मान्य आहे. तरीही तिच्यावरून अन्नपेढ्या बंद कराव्यात असे निष्पन्न होत नाही. त्यांचे अन्न कोठून यावे, कोणत्या शर्तीवर यावे, एवढाच विचार नव्याने करणे प्राप्त होते.

महाराष्ट्राच्या स्मृतीत कोठार आणि भूक यांची गाठ फार जुनी आहे. बेदरच्या बादशाहीतील मंगळवेढ्याचे अधिकारी दामाजीपंत यांनी दुष्काळात सरकारी अंबारे लोकांस खुली केली, ही कथा घरोघर ठाऊक आहे, आणि पंधराव्या शतकातील त्या दुष्काळास लोकांनी त्यांचेच नाव दिले. कोठारातील धान्य मूळचे रयतेच्याच शेतातून वसूल झालेले होते, ते रयतेकडे परत गेले, आणि त्यासाठी एका कामगारास हुकूम मोडावा लागला, हा त्या कथेतील प्रशासकीय भाग भक्तिकथेच्या तेजात झाकला जातो. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे मुलांसाठी अन्नछत्र चालवले. त्यानंतरचे, माझ्या मते आपल्या विषयास सर्वांत निकटचे, उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचे. १९१९ साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे ज्या धान्यावर चालली, त्यातले पुष्कळसे खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांच्या घरून मुठीमुठीने गोळा केलेले असे. मूठभर धान्य देणारा शेतकरी स्वतः संपन्न नव्हता. परंतु जे धान्य तो स्वतः खाई तेच तो देई, त्याच्याच गावचा पोर ते खाई, आणि दान कोठे गेले हे त्यास दिसे. कोकणात मात्र असा धान्याचा प्रवाह उलटा वाहत आला. पूर्वीचा रत्नागिरी जिल्हा, ज्यातून १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग निराळा झाला, तो धान्याच्या बाबतीत तुटीचा. मुंबईच्या गिरणीतली मनीऑर्डर आणि बाहेरून येणारा तांदूळ यांवर त्याचे वर्ष पुरे होई.

आता संशोधनाकडे येऊ. पहिला प्रश्न शेतात नेमके किती वाया जाते हा. लुधियाना येथील कापणीपश्चात् तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत आंब्याची नासाडी शेकडा ९.१६, पेरूची १५.८८ आणि समुद्रातील मासळीची १०.५२ इतकी आढळली. हे आकडे कापणीपासून पुढच्या प्रवासाचे आहेत. जे फळ झाडावरून उतरवलेच नाही, त्याची गणना अशा हिशेबात होत नाही. ती गणना करावयाची तर प्रत्यक्ष शेतात उतरावे लागते, आणि अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात २०१८ च्या सुमारास लिसा जॉन्सन आणि त्यांचे सहकारी तसे उतरले. आठ प्रकारच्या भाज्यांच्या शेतांत, मुख्य तोडणी आटोपल्यावर, त्यांनी उरलेला माल स्वतः काढून तोलला, तेव्हा बाजारात गेलेल्या मालाच्या सरासरी ४२ टक्के इतका माल शेतातच शिल्लक असल्याचे दिसले. हा माल शेतकऱ्याने आळसाने सोडलेला नव्हता. ज्या दिवशी बाजारभाव काढणीच्या मजुरीखाली जातो, त्या दिवशी माल काढणे हाच तोटा ठरतो, आणि कोणताही हिशेबी खातेदार तो शेतात सोडतो. आचऱ्याच्या बागायतदाराची काजूच्या बोंडूविषयी, रतांब्याविषयी हीच स्थिती आहे.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो साधा असूनही दानशूर मंडळींच्या पचनी सहजी पडत नाही. शेतातला वरकड माल फुकट मिळत नाही. तो काढण्यास, निवडण्यास, पेटीत भरण्यास आणि गुदामापर्यंत नेण्यास पैसा लागतो, आणि तो पैसा शेतकऱ्याने पदरचा घालावा ही अपेक्षा एक-दोन हंगामांपलीकडे टिकत नाही. स्वयंसेवकांनी शेतात जाऊन वेचणी करावी, ही पद्धत अमेरिकेत धर्मसंस्थांनी पुष्कळ चालवली. आपल्याकडेही कापणीनंतर शेतात पडलेले कण वेचून निर्वाह करण्याची उंछवृत्ती प्राचीनांनी गौरविली, आणि महाभारतात कुरुक्षेत्रातील अशाच एका दरिद्री कुटुंबाच्या मूठभर सातूचे पुण्य धर्मराजाच्या अश्वमेधाहून अधिक ठरले. परंतु पुण्याने गुदाम भरत नाही. कॅलिफोर्नियातील अन्नपेढ्यांच्या संघटनेने म्हणूनच निराळी वाट धरली: फळाची किंमत देऊ नये, मात्र तोडणी आणि बांधणी यांचा खर्च शेतकऱ्यास दर पौंडामागे ठरवून द्यावा. २०१८ च्या कृषिकायद्यात अमेरिकन संघराज्याने हेच तत्त्व स्वीकारून शेत ते अन्नपेढी अशा योजनांसाठी वर्षाला ४० लाख डॉलरपर्यंतची तरतूद केली, आणि निम्मा भार स्थानिकांनी उचलावा अशी शर्त घातली.

कोविडच्या साथीच्या काळात अमेरिकेत अशा सरकारी खर्चाचे प्रमाण एकदम वाढले. २०२० च्या मे महिन्यापासून वर्षभर चाललेल्या एका योजनेत उपाहारगृहे बंद पडल्यामुळे अडलेला शेतमाल सरकारने विकत घेऊन पेट्यांत भरून वाटला. अशा सुमारे १७ कोटी ३० लाख पेट्या वाटण्यात आल्या. पुढे स्थानिक लहान शेतकऱ्यांकडूनच खरेदी करण्याची योजना निघाली, आणि २०२५ च्या मार्चमध्ये तिचा पुढील टप्पा एका आज्ञापत्रासरशी रद्द झाला. ज्या शेतकऱ्यांनी त्या मागणीच्या भरवशावर बियाणे घेतले होते त्यांची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना आंब्याची आगाऊ बोली फिसकटलेल्या बागायतदारास सहज करता येईल. मागणी थोडी असली तरी चालते, ती खात्रीची असावी लागते.

दुसरा प्रश्न माल कोणास जावा हा. याविषयीचे सर्वांत उद्बोधक संशोधन, माझ्या वाचनात आलेल्यांपैकी, शिकागो विद्यापीठातील कॅनिस प्रेंडरगास्ट या अर्थशास्त्रज्ञाचे आहे. अमेरिकेतील दोनशेहून अधिक अन्नपेढ्यांस वर्षाला सुमारे ३० कोटी पौंड, म्हणजे साडेतेरा कोटी किलोहून अधिक अन्न मध्यवर्ती संघटना वाटत असे, आणि २००५ पर्यंत हे वाटप रांगेने होई: ज्याची पाळी येईल त्याने जे असेल ते घ्यावे. परिणाम असा की बटाट्यांच्या आयडाहो राज्यातील पेढीसही बटाटेच देऊ केले जात. प्रेंडरगास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक पेढीस एक कृत्रिम चलन वाटून दिले, आणि रोज येणाऱ्या मालावर त्या चलनात बोली लावण्याची मुभा दिली. गरजू पेढ्यांना चलन अधिक, इतरांना कमी. थोड्याच दिवसांत दिसून आले की ज्या पेढ्यांस स्थानिक बागांतून भाजी-फळ मिळत होते त्या त्यावर चलन खर्चीनातशा झाल्या आणि धान्य, डाळी असा टिकाऊ माल घेऊ लागल्या. आणि ज्यांच्याकडे मिळत नव्हते त्यांनी तो भाजीपाला उचलला. वाटप न्याय्य असावे एवढ्याने भागत नाही, घेणाऱ्यास ‘हे नको, ते द्या’ असे म्हणण्याची सोय असली पाहिजे; या एका तत्त्वासाठी मी प्रेंडरगास्ट यांच्या निबंधाचे मोल फार मोठे समजतो.

तिसरा प्रश्न आरोग्याचा. हिलरी सेलिगमन या वैद्यक संशोधिकेने मधुमेह असलेल्या अन्नपेढीच्या लाभधारकांवर दोन अभ्यास केले. पहिला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला, आशादायक होता. दुसरा अधिक काटेकोर, ओकलंड, डेट्रॉइट आणि ह्यूस्टन या तीन नगरांतील ५६८ व्यक्तींवर, यादृच्छिकपणे दोन गट पाडून केलेला, २०१८ साली प्रसिद्ध झाला. भाजी-फळांचे सेवन वाढले, उद्या जेवायला काय ही विवंचना कमी झाली. परंतु रक्तातील शर्करा मात्र सहा महिन्यांत हलली नाही. असा निष्कर्ष प्रांजळपणे छापला जातो हेच शास्त्राचे भूषण. आणि ज्या जिल्ह्यातील वृद्धांस मधुमेहाच्या गोळ्या आणि आंब्याचे साठ दोन्ही एकाच फडताळात ठेवावी लागतात, तेथे त्याचा अर्थ विशेष आहे.

अन्नपेढीचा विचार सोडून सरकारी खरेदीचा विचार केला, तर ब्राझीलचे उदाहरण अग्रभागी ठेवावे लागते. तेथे २००३ साली क्षुधानिर्मूलनाच्या मोहिमेत असा कायदा झाला की लहान कुटुंब-शेतकऱ्यांकडून निविदा न मागवता, प्रत्येक कुटुंबास वार्षिक मर्यादा घालून, सरकारने माल खरेदी करावा आणि तो अनाथालये, इस्पितळे, सार्वजनिक भोजनगृहे व अन्नपेढ्या यांना द्यावा. आणि २००९ च्या कायद्याने शाळांतील भोजनासाठी केंद्राकडून येणाऱ्या रकमेपैकी किमान ३० टक्के रक्कम अशाच शेतकऱ्यांवर खर्च करणे बंधनकारक झाले. यातील मर्म निविदा नसण्यात आहे. निविदा म्हटली की अनामत आली, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वजनाचा एकजिनसी माल आला, आणि वीस गुंठ्यांच्या मालकाचा तेथे प्रवेश संपला. आपल्या देशात ओडिशा सरकारने २०१७ साली आरंभलेल्या भरडधान्य मोहिमेत डोंगराळ भागातील आदिवासी शेतकऱ्यांकडून नाचणी आधारभूत किमतीने घेतली, ती त्याच भागातल्या रेशन दुकानांतून दिली आणि अंगणवाडीतील बालकांना तिचे लाडू दिले. त्याहूनही पूर्वी, नव्वदीच्या दशकाच्या मध्यास, बेदरच्या सीमेलगत जहीराबाद परिसरात दलित स्त्रियांच्या संघांनी पडीक जमिनीवर ज्वारी पिकवण्यासाठी मालकांस कर्ज दिले, त्याची फेड ज्वारीच्या रूपाने घेतली, ती गावातच साठवली, आणि पावसाळ्याच्या टंचाईत गरिबांना स्वस्त दरात विकली. कोणते घर किती गरीब, हे त्या स्त्रियांनी गावाचा नकाशा जमिनीवर काढून सर्वांसमक्ष ठरवले. दाखल्यांच्या गठ्ठ्यापेक्षा हा निवाडा मला अधिक विश्वसनीय वाटतो.

सिंधुदुर्गात अशा सांध्याचा एक सरकारी मार्ग अस्तित्वात आहे. पणन महासंघाच्या वतीने तालुका खरेदी-विक्री संघ हमीभावाने भात घेतात, ते भरडाईस जाते, आणि क्विंटलमागे ६७ किलो या मानाने निघणारा तांदूळ सरकारी गुदामातून रेशन दुकानांकडे जातो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकास महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क दिला आहे, आणि २०२३ पासून ते मोफत मिळते. म्हणजे वायंगणीच्या मळ्यातले भात आचऱ्याच्या दुकानात तांदूळ होऊन येणे तत्त्वतः शक्य झाले आहे, ही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु दोन अडचणी आहेत. पहिली सातबाराची: आपल्याकडे एका उताऱ्यावर पंधरा-वीस हिस्सेदारांची नावे, त्यातील निम्मे मुंबईस, आणि नोंदणीस सर्वांची संमतिपत्रे, मग जो प्रत्यक्ष चिखलात उभा असतो तो भात झोडून कणगीत भरतो किंवा व्यापाऱ्यास घालतो. दुसरी चवीची: येथला माणूस उकडा तांदूळ खातो, पेज उकड्याची पितो, आणि त्याच्या पदरी सुरय, म्हणजे न उकडलेला, तांदूळ येतो. ज्यांना या अडचणी क्षुल्लक वाटतात त्यांनी आजारी म्हाताऱ्याला न पचणाऱ्या तांदळाची पेज करून पाजून पाहावी.

शिवाय धान्य हा आपला खरा वरकड माल नव्हेच. आपली वरकड फळांत आहे, आणि फळ थांबत नाही. अमेरिकेतील पेढी शीतगृहावर उभी आहे. आचऱ्यात विजेचा भरवसा पहिल्या वादळापर्यंत, आणि २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेले तेव्हा मालवण-देवगडच्या बागांत एका रात्रीत किती फळ जमिनीवर आले, हे सर्वांनी पाहिले आहे. त्यातच शाळा, जेथे रोज शिजवलेले अन्न देण्याची यंत्रणा आणि भुकेली मुले दोन्ही असतात, त्या नेमक्या मेमध्ये बंद. शहरातील स्वयंसेवी संस्थांचा समारंभातले उरलेले अन्न दोन तासांत पोचवण्याचा प्रकार, ज्यासाठी २०१९ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने स्वतंत्र विनियमही केले, तो येथे निरुपयोगी आहे. आपल्याला अंतर तोडायचे आहे ते दहा कोसांचे नसून वैशाख ते श्रावण असे काळाचे आहे.

आणि काळाचे अंतर तोडण्याची विद्या या भूमीत प्रत्येक आजीच्या हातात होती. आगोटीची बेगमी ती हीच. मृग लागण्यापूर्वी घरात काय नसे? रतांब्याची साले त्याच्याच रसात पुनःपुन्हा बुडवून वाळवलेली सोले, मडक्यात भरलेले आगळ, मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या आणि फणसाचे गरे, लाल मातीत घोळवून ठेवलेल्या आठळ्या, आंब्याची साठे, कुळीथ, आणि उन्हात खडखडीत वाळवलेले बांगडे व गोलमा. ही प्रत्येक घराची अन्नपेढी होती, आणि ती मोडली ती विद्या लोपल्यामुळे नव्हे. घरात काम करणारे हात उरले नाहीत म्हणून. जिच्या अंगणात चार फणस आहेत तिच्याकडे ते फोडणारा कोणी नाही. जिला आठळ्यांची भाजी आषाढात हवी आहे तिच्याकडे झाड नाही. या दोघींमध्ये जो दुवा हवा तो गावाने उभा करावा, असे माझे ठाम मत आहे. बोंडूच्या रसाचा तुरटपणा साबुदाण्याच्या किंवा भाताच्या पेजेने खाली बसवता येतो, हे ज्ञान आज नवे नाही. १९५७ पासून वेंगुर्ल्यास फळसंशोधन केंद्र आहे, १९७२ पासून दापोलीस कृषी विद्यापीठ आहे. संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व ज्या फळात आहे ते कुजवून आपण औषधाच्या दुकानातून त्याच जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणतो.

सामुदायिक व्यवस्थेची सवय गावास नाही असेही नाही. रापण ओढली की दोरीस हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा निघतो, आणि तो वाटा वाळूवरच, सर्वांच्या देखत, टाकला जातो. ग्रामदैवत श्री देव रामेश्वराच्या संस्थानास आजही इनामदार म्हणतात, रामनवमीच्या उत्सवात तेथे पंक्ती उठतात त्या गावाच्याच श्रमाने. आणि गावपळणीचा कौल झाल्यावर तीन दिवस, तीन रात्री गुराढोरांसह वेशीबाहेर राहण्याइतका शिधा घराघरातून मोजून बांधणारे गाव पावसाळ्याचा शिधा सामाईक बांधू शकणार नाही, असे मानणे अन्यायाचे होईल.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत १९५१ पासून जवळजवळ वीस वर्षे सांख्यिकी विभागाचे प्रमुख असलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातील बुध गावचे, यांनी जगापुढे पहिली गोष्ट ही ठेवली की भुकेविषयी बोलण्यापूर्वी ती मोजावी. दोन-तृतीयांश जग उपाशी आहे असे थोरामोठ्यांच्या तोंडी असताना त्यांनी १९६१ साली हिशेब मांडून दाखवले की उष्मांकच अपुरे पडणारे लोक शेकडा दहा ते पंधरा आहेत, आणि अन्नाच्या गुणाने कुपोषित त्याहून पुष्कळ अधिक. आपल्या कामाचा आरंभही तेथूनच व्हावा. चैत्रात, हंगामापूर्वी, बचत गटांच्या ग्रामसंघाने वाडीवाडीतून दोन याद्या कराव्या: कोणत्या परसात काय उतरणार आहे, आणि कोणत्या घरी आषाढात चूल एकटीने पेटते. बागायतदारास फळाचे मोल देऊ नये, पण उतरवण्याची मजुरी किलोमागे आगाऊ ठरवून द्यावी. ग्रामपंचायतीने उत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावयाचे असतात, त्यातून ती द्यावी. उतरलेला माल टिकाऊ करून गावाच्या सामाईक कोठीत ठेवावा, पण मिठातल्या आणि साखरेतल्या जिनसांवरच ती कोठी भरू नये. कुळीथ आणि सुकी मासळी मोबदला देऊन घ्यावी, कारण गरोदर बाईस आणि मधुमेही वृद्धास साठापेक्षा त्यांची गरज अधिक आहे. उकड्या तांदळापुरते भात गावातल्याच शेतकऱ्याकडून, सातबारा न मागता, सोसायटीच्या हमीवर घ्यावे. मृगाच्या पहिल्या पावसापूर्वी कोठी बंद करून साठ्याची यादी पंचायतीच्या फळ्यावर लावावी, आणि आषाढ लागल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत ज्याला जे हवे ते नेऊ द्यावे, पाळीने येईल ते नव्हे. वहीत आवक, जावक आणि शिल्लक यांच्याबरोबर एक जादा रकाना असावा: कोणी न नेलेल्या जिनसांचा. त्या रकान्यात श्रावणअखेर जे राहील ते पुढल्या चैत्रात, याद्या करावयास बसण्यापूर्वी, सर्वांस वाचून दाखवावे.